बंद घरातली मोटर

पद्मजाबाईंच्या चेहऱ्याचा तो सहावा दिवस होता आणि नळाचा आठवा. नळ नेमका किती वाजता येईल हे आनंदविहार कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, चेहऱ्याचं मात्र डॉक्टरांनी तारीखवार सांगून ठेवलं होतं. सुरुवातीला सूज खूप येईल, काळंनिळं पडलेलं दोन आठवड्यांनी पिवळं होऊन जाईल, कान महिनाभर बधिर राहतील. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचं, वाकायचं नाही, फार बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही.

"पूर्वी नुसती कातडी ताणायचे," डॉक्टर म्हणाले होते, "आता आम्ही कातडीखालचा थर उचलून बसवतो. टाके कानामागे आणि केसांत. चेहरा ओढल्यासारखा दिसत नाही, कुणाला कळतसुद्धा नाही."

या शेवटच्या वाक्यावरच पद्मजाबाई भाळल्या. बँकेतल्या एका कारकुनानं मुकुंदराव पिंगळीकरांना "काका, आईंची सही इथं घ्या," असं म्हटलं होतं, त्या दिवसापासून त्यांनी आरशाशी बोलणं टाकलं होतं. मुकुंदराव त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. चोपन्नाव्या वर्षी सख्ख्या नवऱ्याची आई व्हायची म्हणजे काय असतं, ते ज्या बाईवर बेतलंय तिलाच विचारावं.

पण कुणाला कळता कामा नये. मुकुंदरावांना त्यांनी अंबाजोगाईच्या देवीची शपथ घातली. दवाखान्यातल्या मुलीला तीनदा बजावलं, "कुणीही विचारलं तरी माझं नाव सांगायचं नाही." फाईल मुकुंदरावांच्या ऑफिसच्या कपाटात गेली आणि कॉलनीला सांगण्यात आलं, की पद्मजा लेकीकडे नाशिकला गेलीय. मुकुंदराव रोज सकाळी बाहेरून कुलूप लावून सिंचन खात्यात जात. तो सलग तिसरा कोरडा उन्हाळा होता, त्या खात्यात कागदांखेरीज काही वाहत नव्हतं.

साडेअकराला हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. पद्मजाबाई खुर्चीत ताठ झाल्या. पाणी जेमतेम पाऊण तास टिकायचं. कॉलनीभोवती दरवर्षी चार नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि जलवाहिनी तीच जुनी. हौद लहान, म्हणून तो भरत असतानाच मोटर लावून वरची टाकी भरून घ्यावी लागे. नाही भरली तर पुढचे आठ दिवस टँकरच्या मागे धावायचं. त्यांनी भिंतीला धरत स्वयंपाकघर गाठलं, बटण दाबलं आणि पुन्हा उशांना टेकल्या. दहा मिनिटांनी बंद करायचं होतं, पण दुखण्याची गोळी नुकतीच घेतलेली होती.

त्या जाग्या झाल्या त्या समोरच्या चंपाबाईंच्या आरोळीनं.

"अगं निशा, पळ! पिंगळीकराच्या टाकीवरून पानी चाल्लंय! रस्त्यावर पार ओढा झालाय!"

त्या उन्हाळ्यात पाणी सांडणं हे चोरीपेक्षा मोठं पाप होतं. शेजारच्या निशा साळवे बादली घेऊनच धावत आल्या. शाळेत शिकवायच्या आणि कॉलनीचं महिला मंडळही चालवायच्या, त्यामुळे आवाजाला धार होती. "अहो, पण घराला तर कुलूप आहे. मोटर कुणी लावली?"

"चोर आसंल."

"चोर पाणी भरतो का, चंपामावशी?"

पद्मजाबाई धडपडत उठल्या आणि त्यांनी मोटर बंद केली. बाहेर टाकीवरून पडणारी धार थांबली. आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

"बंद झाली की गं!" चंपाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत कोणतरी हाय."

"लाइट गेली असेल."

"माझा पंखा फिरतोय बघ."

पुन्हा लावावी का, असा एक वेडा विचार पद्मजाबाईंच्या मनात येऊन गेला. छाती धडधडत होती आणि प्रत्येक ठोका गालात ठणकत होता. त्यांनी मुकुंदरावांना फोन लावला. सुजलेल्या ओठांतून "अहो, या" एवढंच निघालं, तेही धड नाही. त्यांनी फोन ठेवला, तोच बाहेर निशाताई म्हणाल्या, "थांबा, काकूंनाच नाशिकला फोन करून सांगते."

आणि पद्मजाबाईंच्या हातातला फोन खणखणू लागला. त्यांनी तो उशीखाली दाबला, मांडीखाली घेतला. कुठलं बटण दाबावं तेच सुचेना.

"फोन घरात वाजतोय," निशाताई सावकाश म्हणाल्या. "पण आज सकाळी तर काकूंनी ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकलंय."

दोघींच्या मनात एकच गोष्ट आली. बाई आत आहे, कुलूप बाहेरून आहे आणि नवरा सांगतोय नाशिकला गेली. निशाताईंचे मिस्टर संघपाल वाळूजला कंपनीत कामाला होते. ते रात्रपाळी करून घरी झोपले होते, त्यांना उठवण्यात आलं. तीन घावांत कुलूप पडलं.

आत खुर्चीत पद्मजाबाई बसल्या होत्या. डोळ्यांखाली जांभळं, ओठ सुजलेले, हनुवटीपासून डोक्यापर्यंत घट्ट पट्टा, कानाशी सुकलेलं रक्त.

"आगं माय माय!" चंपाबाई दारातच मटकन बसल्या. "दवाखान्यात नेऊस्तवर मारलं व्हय गं तुला?"

इतक्यात स्कूटर टाकून मुकुंदराव धावत आले. ते झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडणारे गृहस्थ. निशाताईंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं.

"काका, खरं सांगा. काकूंना हे कुणी केलं?"

मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. शपथ आठवली. मान खाली घालून ते म्हणाले, "मीच."

सहा दिवस या माणसानं पद्मजाबाईंना चमच्यानं पेज भरवली होती, रात्री दर दोन तासांनी उठून बर्फाचा शेक दिला होता. गेलं खड्ड्यात ते गुपित!

"खोटं बोलतायत हे!" त्या जमेल तसं बोलल्या. "ऑपरेशन केलंय मी. चेहऱ्याचं. तरुण दिसायला."

निशाताईंनी डोळे पुसत पद्मजाबाईंचा हात हातात घेतला. "काकू, घाबरू नका. त्यांना वाचवायला काहीही सांगू नका. आम्ही आहोत."

"अगं, खरंच! दवाखान्यात विचार."

निशाताईंनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडची मुलगी दिलेल्या शब्दाला जागली. "पिंगळीकर? नाही मॅडम, या नावाच्या कुणी बाई आमच्याकडे कधीच आलेल्या नाहीत."

"आन तरुण कुठं दिसायलीस गं?" चंपाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पार सत्तरीची दिसतीस."

पोलिसांना बोलावू नका म्हणून पद्मजाबाईंना हात जोडावे लागले. निशाताईंनी एका अटीवर ऐकलं. घराला कुलूप लागायचं नाही आणि मंडळातल्या बायका दोन वेळा येऊन बघून जातील. मुकुंदरावांची शिक्षा चंपाबाईंनी ठरवली. "मारायला हात चालतो ना? मंग आमचे हंडेबी उचलू दे."

तेव्हापासून दर आठव्या दिवशी मुकुंदराव रजा टाकून अख्ख्या गल्लीचं पाणी भरू लागले. ऑफिसातून आणलेली फाईल त्यांनी दाखवली, तर सरकारी माणसाला कागद करायला कितीसा वेळ लागतो, असं म्हणून ती कुणी उघडलीही नाही. इकडे पद्मजाबाईंचं काळंनिळं पिवळं झालं, मग तेही गेलं. तीन महिन्यांत हनुवटीची रेघ नीट दिसू लागली, गाल जागेवर बसले. बाई चाळिशीच्या दिसू लागल्या.

"बघितलं का?" चंपाबाई नळावर साऱ्यांना सांगत होत्या. "नवरा सुधारला की बाईच्या तोंडावर आसं तेज येतंय. आमच्या पोराला, रामकिसनलाबी सांगा वो पिंगळीकर, कसं सुधरावं ते."

"सांगतो," मुकुंदराव दोन्ही हातांतले हंडे सावरत म्हणाले.

घरी येऊन ते ओट्याला टेकले. पद्मजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण त्यांच्याकडे वर बघवेना. "एकेकीला धरून खरं सांगते मी उद्या. माझ्यामुळे तुमची ही दशा."

"राहू दे. तुझं तू नाही सांगायचं ठरवलं होतंस ना? नाही कळलं कुणाला." त्यांनी पाणी संपवलं. "पण काय गं, हा चेहरा किती वर्षं टिकतो म्हणाले होते डॉक्टर?"

"दहाएक वर्षं."

"मग हरकत नाही," मुकुंदराव दंड चोळत म्हणाले. "तोवर नवी पाइपलाइन येईल."

पद्मजाबाई हसल्या. इतक्या दिवसांनी मोठ्यानं हसल्या आणि गाल अजिबात दुखला नाही.