अकरा ते बारा फोडणी बंद

“बेन, ग्यारह से बारह तडका मत लगाना. आज पेपर है.”

मी आमच्या दाराआड चपला घालत होते, तेव्हा हे ऐकलं. समोरच्या जिग्नाबेननी विचारलं, कोणाचा पेपर? “व्हिस्की का,” असं सांगून सामंत काका तेच सांगायला वरच्या मजल्यावर गेले.

इंद्रलोक कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये याचं कोणाला नवल वाटत नाही. रविवारी त्या तासात काका व्हिस्की तपासतात, म्हणून फोडणी, अगरबत्ती आणि फिनाईल बंद. जिग्नाबेन दारूचं नाव काढलं तरी कानाला हात लावतात, पण डाळीला फोडणी बारानंतरच देतात. एकदा पाहुणे आले म्हणून त्यांनी आधीच मोहरी टाकली, तर काकांनी बेल वाजवून सांगितलं, “आपकी राई मेरे ढक्कन में गिरी.”

ढक्कन म्हणजे खोकल्याच्या औषधाचं, आकडे छापलेलं. काका त्यातूनच चाखतात, तेही अर्धं भरून. एक बाटली महिनोन्‌महिने पुरते. बँकेतून रिटायर झालेल्या या माणसाला चढलेली कोणी पाहिलेली नाही. निकाल मात्र कॉलेजसारखा लागतो. बहुतेक बाटल्या नापास, एखादीला एटीकेटी. कोणीतरी भेट दिलेल्या महागड्या स्कॉचबद्दल ते म्हणाले होते, “वडिलांच्या वशिल्याने ॲडमिशन मिळालेली दिसतेय.”

माझी नेमणूक लेबलं वाचायला झाली, कारण मी इंग्लिश मीडियमची. आईने अट घातली की वास घे, घोट नाही. मी फारशी बोलत नाही. चार लोकांत माझं मराठी अडकतं, मग मी हसून वेळ मारून नेते. काकांना हे पसंत पडलं. “बोलणाऱ्या माणसाचं नाक बंद असतं,” असं त्यांचं म्हणणं. पण वास सांगायचा तर मराठीत. मी एकदा ‘फ्लोरल’ म्हणाले, तर त्यांनी विचारलं, कुठलं फूल? सोनचाफा की झेंडू? मला सांगता येईना. तेव्हापासून मी फक्त मान डोलावते.

मला एक गोष्ट कळली होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. एका रविवारी ऐन पेपरच्या वेळी खालच्या मजल्यावर कोणीतरी सुके बोंबील भाजले. धूर खिडकीतून आत आला, माझे डोळे चुरचुरायला लागले. काका ढक्कनात नाक घालून शांतपणे म्हणाले, “बडीशेप आहे.” त्यानंतर मी लक्ष ठेवलं. गॅसवर दूध करपायचं आणि ते वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. फोडणी बंद करायला मात्र ते पूर्वीपेक्षा जास्त घरांच्या बेल वाजवायला लागले होते.

आजची बाटली निखिलदादाची होती. निखिलदादा त्यांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेतली आयटीची नोकरी सोडून तिकडच्याच एका छोट्या कारखान्यात व्हिस्की करायला लागला. काका शेजाऱ्यांना सांगतात, मुलगा केमिकल लाइनमध्ये आहे. जगभरच्या व्हिस्कीला नापास करणाऱ्या माणसाला घरातच व्हिस्की करणारा निघालेला चालला नाही. फोनवर दोघं तब्येत आणि हवा यांच्या पलीकडे जात नसत. आता दादाने स्वतः भरलेल्या पहिल्या पिंपातली बाटली एका मित्राबरोबर पाठवली होती. निकाल द्या, मुलाचा म्हणून नको आणि खोटा नको, एवढाच निरोप होता. कॉल करून तो ऐकणार होता.

काका सकाळपासून एका जागी बसले नव्हते. फॅन बंद केला, लावला, परत बंद केला. बाटली टेबलावरून टीपॉयवर गेली, तिथून खिडकीत, खिडकीतून परत टेबलावर. मागचं लेबल त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. स्ट्रेट राय.

“स्ट्रेट म्हणजे सरळ,” ते फेऱ्या मारत सांगत होते. रंग घालायचा नाही, अत्तर घालायचं नाही. राय हे तिकडचं धान्य, गव्हाच्या नात्यातलं, पण स्वभावाने तिखट. ते आतून जाळलेल्या नव्या पिंपात दोन वर्षं ठेवायचं. दोन वर्षं म्हणजे पोरच, पोराला काय मार्क द्यायचे. हे सांगताना ते कोरडं ढक्कन रुमालाने पुसत होते.

कॉल लागला. दादाने दाढी वाढवली होती. तिकडे रात्र होती, तरी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. “बाबा, पास की नापास?”

काकांनी ढक्कन अर्धं भरलं, हुंगलं, घोट घेतला, डोळे मिटले. “व्हॅनिला आहे. ओक आहे. थोडी मिरी, शेवटी मध.”

“बाबा, हे लेबलवर आहे. मीच लिहिलंय.”

मी फरशीकडे बघत राहिले. काकांनी ढक्कन खाली ठेवलं.

“वास येत नाही रे मला,” ते म्हणाले. “त्या साथीच्या तापात गेला तो आलाच नाही. तू नोकरी सोडलीस त्याच सुमाराला. तिखट कळतं, गोड कळतं, बाकी काही नाही. तू काय केलंयस, ते मला कळत नाहीये.”

दादाने विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाही. काका म्हणाले, काकू गेल्यापासून घरी कोण येतं? रविवारी निदान जिन्यात लोक विचारतात, आज कोण नापास. सांगितलं असतं तर तेही बंद झालं असतं.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. आईची अट आठवली, तरी मी ढक्कन उचललं आणि घोट घेतला. घशाला आग लागली, डोळ्यांत पाणी आलं, मोठा ठसका लागला. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी फोनकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं.

“काका, आधी मिरी येते. काळी, आत्ता कुटलेली. मग शहाजिरं, पुलावात दाताखाली येतं ना, तसं. लाकूड अजून ओलं आहे, सुताराने काल केलेल्या कपाटासारखं. मध नाहीये, दादाने उगाच लिहिलंय. गोड आहे, पण उसासारखं, जरा हिरवट. कच्ची आहे थोडी, घाईत आहे. पण खोटं काही नाही तिच्यात. थांबा काका, अजून आहे. सांगते.”