मागून येणारी रांग

पुलाजवळचा रस्ता खणून ठेवलाय, ही गोष्ट त्या सकाळी नकाशेवाल्याला सगळ्यांत शेवटी कळली. तो पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढायचा आणि रोज सायकलने कामावर जायचा. सायकलवर बसला की त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. पाय आपोआप फिरत, कोवळं ऊन चाकाच्या तारांतून गळून खाली सांडत राही, आणि त्याला वाटे, आपण जागच्या जागीच आहोत, रस्ताच कुणीतरी आपल्याखालून अलगद ओढून घेतंय.

वागायला मात्र तो अगदी चोख. वळताना हात दाखवायचा, दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचा. बायको म्हणायची, हा माणूस भिंतीवर आपटला तरी भिंतीलाच विचारेल, लागलं नाही ना म्हणून.

दहा वाजता साहेबांपुढे नवा नकाशा उलगडायचा होता. पुन्हा उशीर झाला तर टेबल तळघरात जाईल, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणून रस्ता बंद दिसताच, पुढच्या सायकलवरची करड्या स्वेटरमधली बाई ज्या गल्लीत वळली त्याच गल्लीत तोही वळला. गल्ली अरुंद. बाईला मागे टाकून जाणं त्याला बरं दिसेना. तो मागे राहिला आणि प्रत्येक वळणावर सवयीने हात दाखवत गेला.

त्याच्या पाठीला नकाशांची लांब नळी होती. जो पाठीवर नकाशे घेऊन फिरतो त्याला रस्ता ठाऊक असणारच, असा विचार करून मागून एक बेकरीवाला आला, त्याच्यामागे एक शिक्षिका, मग एक शिंपी. नकाशेवाल्याने मागे पाहिलं तेव्हा अकरा सायकली होत्या. एवढी माणसं येताहेत म्हणजे वाट बरोबर आहे, असं वाटून तो पुन्हा आपल्या तंद्रीत गेला.

गल्ली एका अंगणात संपली. बाई उतरली. ती परिचारिका होती आणि रात्रपाळी करून घरी आली होती. ओट्यावर तिचे सासरे बसले होते, निवृत्त पोस्टमन. त्यांनी एकेक सायकल आत येताना शांतपणे मोजली आणि विचारलं, "सूनबाई, आज एवढे पाहुणे?"

बेकरीवाल्याने नकाशेवाल्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हाला रस्ता माहीत नव्हता?"

"मला वाटलं, यांना माहीत आहे."

"मला माहीत होताच की," परिचारिका म्हणाली. "माझ्या घरचा."

परत फिरायचं ठरलं, पण 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करता करता बारा सायकलींची हँडलं एकमेकांत अशी गुंतली की कुणालाच हलता येईना. पावणेदहा वाजले. नकाशेवाल्याला तळघरातला ओलसर वास इथूनच येऊ लागला. शेवटी ओट्यावरच्या आजोबांनी विचारलं, जायचंय कुठे? उत्तर ऐकून ते उठले, मागच्या भिंतीवरचा वेल बाजूला सारला आणि एक छोटं दार उघडलं. समोर पाणीपुरवठा कार्यालयाची मागची बाजू होती. नऊ वर्षं नकाशेवाला त्या जागी नकाशात सलग भिंत काढत आला होता.

तो पाच मिनिटं आधी पोचला.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला म्हणून त्या गल्लीत वळला, तर मागे सतरा सायकली. आत परिचारिका झोपलेली, म्हणून सगळे फाटकापाशी उतरले, घंट्या मुठीत धरल्या आणि सायकली हाताने ढकलत एकामागून एक खिडकीखालून गेले. कुणी खोकलंसुद्धा नाही. चाकांची बारीक टिकटिक तेवढी अंगणभर पसरली. दाराशी आजोबा हात लांब करून उभे होते, पूर्वी पत्रं वाटली तशी आता वाट वाटत.

महिनाभराने पुलाजवळचा रस्ता गुळगुळीत झाला. आता त्या घराला उगाच त्रास नको, म्हणून सगळे कुणी न सांगता जुन्या वाटेला लागले.

चौथ्या सकाळी परिचारिका पुलापाशी वाट अडवून उभी. डोळे तांबारलेले.

"येत का नाही तुम्ही?"

"म्हटलं, तुमची झोपमोड..."

"झोप लागेल तेव्हा मोडेल ना. ती टिकटिक ऐकता ऐकता डोळा लागायचा माझा. आणि आमचे बाबा तीन दिवस दार उघडून, हात पसरून उभे आहेत. या तरी, नाहीतर हात खाली घ्या म्हणून त्यांना तुम्हीच येऊन सांगा."

नकाशेवाल्याने डावा हात दाखवला. मागे एकामागोमाग एक हात पसरत गेले, आणि सगळ्यांत शेवटी, त्या गल्लीत मावायची काडीची शक्यता नसताना, एका मोटारीच्या खिडकीतूनही एक हात हळूच बाहेर आला.