शिवलीलाला बघायला आलेली मोटरसायकल

रविवारी सकाळी तिसरी मोटरसायकल आमच्या शिवलीलाला बघायला आली.

पहिल्या दोघी 'कळवू' म्हणून गेल्या आणि त्यांनी कळवलं नाही. गडहिंग्लजमध्ये यात नवीन काही नाही. मुलगी अठराची झाली, लायसन निघालं, की दोन-चार ठिकाणी सांगून ठेवायचं. मोटरसायकली सवडीनं येतात, बघतात आणि मुलगी पसंत पडली तर राहतात. पण तिसरा नकार आला की एकविसाव्या वर्षापर्यंत मागच्या सीटवर बसावं लागतं. शिवलीलाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, कॉलेज घाटापलीकडे होतं आणि तिकडची एसटी बंद झाली होती. मागची सीट म्हणजे माझ्या गाडीवरची. मी तिचा मामा, आणि मला सकाळी लवकर जाग येत नाही. पोरीचं शिक्षण माझ्या झोपेवर अवलंबून राहणार, हे मलासुद्धा बरं दिसत नव्हतं.

अक्का, म्हणजे शिवलीलाची आई, माझी थोरली बहीण, पहाटेपासून ओट्याशी होती.

"मोटरसायकली पोहे खात न्हाईत, अक्का," मी म्हणालो.

"खाईनात का. रीत हाय. बिनपोह्याचं कोण बघायला बोलावतंय?"

मोटरसायकल काळी होती, अंगानं बेताची, डाव्या आरशाला तडा गेलेली. मला स्वतःला जरा मोठी, धडधडणारी आवडली असती, पण मला कुणी विचारलं नाही. बरोबर तिची मावशी म्हणून एक जुनी स्कूटर आली होती आणि बोलणं सगळं तीच करत होती. अशा बैठकीला एक मावशी लागतेच. दोघी बाहेरच्या सोप्यात स्टँडवर बसल्या. विम्याचे बेनाडीकर साहेब आधीच कोपऱ्यातली खुर्ची धरून होते. विमा मोटरसायकल उतरवते, मुलीसाठी. साहेबांनी फक्त उत्तरं ऐकायची आणि हो की नाही ते सांगायचं.

"नाव काय, बाळ?" स्कूटरनं विचारलं.

"शिवलीला मल्लाप्पा हत्तरगी."

"थांबता येतं का?"

"येतं."

"थांबून दाखव बघू."

शिवलीला सोप्याच्या टोकापासून पळत आली आणि उंबऱ्यापुढच्या रांगोळीच्या चांगली हातभर अलीकडे थांबली. अक्कानं डोळे मिटून घेतले. बघणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून तिनं पोरीला ऐन रांगोळीच्या रेघेवर थांबायला शिकवलं होतं, आणि मागच्या दोन्ही वेळी पोर तशीच थांबली होती.

"लवकर थांबलीस," स्कूटर म्हणाली.

"मला लवकरच थांबायचं असतंय," शिवलीला म्हणाली.

मोटरसायकलीचा पुढचा दिवा एकदा लागला आणि विझला.

"तुला काही विचारायचंय?" स्कूटरनं शिवलीलाला विचारलं.

"पाय टेकतील का, तेवढं बघायचंय."

शिवलीला बसली. दोन्ही पाय पुरते जमिनीला टेकले. ती हसली, आणि माझ्या जिवात थोडा जीव आला. तेवढ्यात स्कूटरनं शेवटचा प्रश्न काढला.

"मुलीला भीती कशाची वाटते?"

"कशाची न्हाई!" अक्का आतून म्हणाली. "वाघीण हाय आमची."

बेनाडीकर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मागच्या दोन्ही वेळी याच उत्तराला टोपण लागलं होतं, हे मला तेव्हा कुठं आठवलं. पण बघायला आलेल्यांपुढं घरातलं उणं काढायचं नाही ही आमची शिस्त, आणि भीती म्हणजे उणंच की.

"मला उसाच्या ट्रॉलीची भीती वाटते," शिवलीला म्हणाली. "मागनं हॉर्न आला की खांदे वर जातात."

"गप की गं!" अक्का पोह्यांचा झारा घेऊनच बाहेर आली.

साहेबांनी टोपण काढलं. "आणि घरात कोण भितं?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"पहिल्या गाडीला घरात भिणारं एक माणूस दाखवावं लागतं, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "वाट बघणारंच कुणी नसेल तर आम्ही विमा कशाचा द्यायचा?"

मी आढ्याकडं बघितलं. मी भीत होतो, पण लवकर उठायला. ती भीती विम्यात बसत नसावी.

"मी," अक्का म्हणाली. झारा तसाच हातात होता. "मी भिते. ही सायकलवरनं दळण आणायला गेली तरी मी गॅस बंद करून दारात येते. पर हे सांगितलं तर माझ्या पोरीला पसंत कोण करंल हो?"

आणि ती रडायला लागली.

मग मोटरसायकल पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक होता. "मीपण ट्रॉलीला भिते. आरसा तिथंच गेला माझा." जरा थांबून म्हणाली, "मला मुलगी पसंत आहे."

मला इतकं हायसं वाटलं की मी बेनाडीकर साहेबांच्या वाटणीचे पोहेही खाल्ले. साहेबांनी विमा मंजूर केला. अट एकच होती. रोज संध्याकाळी मोटरसायकलीनं स्वतः दारात येऊन मुलीच्या आईला सांगायचं.

"काय सांगायचं?" अक्कानं पदरानं डोळे पुसत विचारलं.

"आणली म्हणून."

सोमवारी अक्का दुपारपासूनच दारात उभी होती. मी दोनदा आत बोलावलं, तिनं ऐकलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला, कोपऱ्यावरच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे कुणीतरी ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मग मोटरसायकल सावकाश वळली आणि दारात येऊन उभी राहिली. शिवलीलानं हेल्मेट काढलं.

"आणली," मोटरसायकल म्हणाली.

"बघितली," अक्का म्हणाली. तिनं पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला, आत गेली, बशीभर पोहे आणले आणि मोटरसायकलीच्या टाकीवर ठेवले. मी या वेळी काही बोललो नाही.

जेवणं झाल्यावर बशी मीच आत नेली. लिंबाची फोड तेवढी उरली होती.