सोनूच्या पिंजऱ्यातला थंड कप्पा

"सोनूचं घर मीच बांधणार," असं श्यामरावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पत्नी वासंतीताई एवढंच म्हणाल्या, "सुतार कसबा पेठेतच राहतो. फार लांब नाही." पण श्यामराव ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. हातात करवत होती ना!

सोनू म्हणजे त्यांच्या लेकीची, ओवीची शुगर ग्लायडर. खारीपेक्षा लहान, दिवसभर झोपणारी आणि रात्री इकडून तिकडे तरंगत जाणारी. तिला उंच पिंजरा लागतो, आत फांद्या लागतात आणि झोपायला वरच्या बाजूला टांगलेली कापडी पिशवी. श्यामरावांनी सगळं झकास केलं. फक्त पिशवी तळाशी टांगली.

"बाबा, ती वर हवी."

"वर पंख्याचा वारा लागतो. तुला काय कळतंय!"

खरं कारण पिशवीखालच्या चोरकप्प्यात होतं. श्यामरावांच्या रक्तातली साखर वाढल्यापासून वासंतीताईंनी कोल्ड्रिंकचे कॅन फ्रीजमधून हद्दपार केले होते. "एका कॅनमध्ये सात-आठ चमचे साखर असते. चहात तेवढी घातली तर प्याल का?" (प्यायले असते. पण बोलायची हिंमत झाली नाही.) आता बर्फात दडवलेले कॅन सोनूखाली सुरक्षित होते. झोपलेल्या प्राण्याला कोण उठवणार?

संध्याकाळी ओवी किंचाळली. सोनू उठतच नव्हती. अंग गार, पाय लुळे. ओवीने रडतच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तिच्या आसपास काही गार आहे का?"

"नाही हो, आम्ही तर इतकी काळजी..." वासंतीताई म्हणाल्या.

श्यामरावांनी सोनूकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"आहे," ते म्हणाले. "म्हणजे फार नाही. फ्रीजइतकंच."

त्यांनी कप्पा ओढला. कॅन खडखडत फरशीवर आले. वासंतीताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "भांडण नंतर. आधी तिला कुणाच्या तरी पोटाशी धरा. हळूहळू ऊब मिळू दे."

वासंतीताईंनी सोनूला अलगद उचललं आणि नवऱ्याच्या बनियनमध्ये ठेवलं. श्यामराव श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. बऱ्याच वेळाने बनियनमध्ये काहीतरी वळवळलं, आणि ओवी रडता रडता हसली.

श्यामरावांचा रुबाब लगेच परतला. त्यांनी पिशवी वर टांगली, सोनूला आत सोडलं आणि दोन पावलं मागे सरून आपली कारागिरी न्याहाळली. सोनूने पिशवी हुंगली, उघड्या दारातून झेप घेतली आणि थेट बनियनमध्ये शिरली.

"बाबा, तिला तुमचं पोटच आवडलं!"

"आवडणारच," वासंतीताई म्हणाल्या. "प्रशस्त आहे, उबदार आहे, आणि गेली वीस वर्षं खपून बांधलंय."