सुधारित प्रत पाहावी

"आजोबा, या दोन पुस्तकांत नेमकं काय काय बदललंय, तेवढं बघून द्याल का?"

नातीने हा प्रश्न विचारताच आजोबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून आजी घाईने स्वयंपाकघरात गेल्या. पस्तीस वर्षे यंत्रांच्या कारखान्यात आराखडे तपासण्यात घालवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे काय, हे नातीला ठाऊक नव्हते, आजींना होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या जुन्या आणि नव्या प्रेशर कुकरची तुलना केली होती. त्या अहवालाला चार परिशिष्टे जोडावी लागली होती, आणि तेवढे तीन दिवस घराने पावावर काढले होते.

"बघून देतो म्हणजे काय! बस अशी समोर. आधी वस्तू काय आहे ते सांग."

वस्तू म्हणजे 'निर्वात' नावाचा एक खेळ होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जाडजूड नियमपुस्तक, मूठभर फासे आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर तो चालतो. खेळाडू अंतराळयानावरचे कर्मचारी होतात, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, आणि यानात शिरलेला एक भयंकर प्राणी एकेकाला गाठतो. नातीच्या कंपूत तिच्याखेरीज तिघे होते: एक दंतवैद्य, एक लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर आणि एक ग्रंथपालबाई. दहा वर्षे सूत्रधाराची खुर्ची डॉक्टरांकडे होती. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच नातीला मिळणार होती. मात्र गेल्याच महिन्यात खेळाची दुसरी आवृत्ती निघाली आणि कंपूत दुफळी माजली. डॉक्टरांना जुनीच हवी, बाकीच्या दोघांना नवीच. शेवटी डॉक्टरांनी जाहीर केले की कोणती घ्यायची ते सूत्रधाराने ठरवावे. आणि मन घट्ट करून त्यांनी आपली जुनी प्रत आठवड्यासाठी नातीच्या हवाली केली.

"जपून हं आजोबा. वीस वर्षांपूर्वीची आहे. आजवर त्यांनी कुणाला हातसुद्धा लावू दिलेला नाही. ती धड परत गेली, तरच ती खुर्ची माझी."

"अगं, मी जपलेले आराखडे अजून जसेच्या तसे आहेत."

"हो," आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कारखाना तेवढा बंद पडला."

नातीची परीक्षा शनिवारपर्यंत होती. ती तिच्या अभ्यासाला लागली. आजोबांनी आधी दोन्ही पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घातली, मग जेवणाचे टेबल ताब्यात घेतले आणि पाच रकाने आखले: अनुक्रमांक, बाब, जुनी प्रत, सुधारित प्रत, शेरा.

काम रंगत गेले. जुन्या आवृत्तीत प्रत्येक खेळाडूला 'धीर' मोजून मिळे आणि तो संपला की माणूस संपला. नव्या आवृत्तीत धीर काढून 'ताण' आणला होता: ताण जितका वाढेल तितका माणूस चलाख होई, पण एखादा फासा उलटला की किंचाळत सुटे. "हे बरोबर आहे," आजोबांनी शेरा लिहिला, "वार्षिक तपासणीच्या वेळी आमच्या खात्यात असेच होत असे." तेविसावी बाब प्राण्याची होती. जुन्या प्रतीत त्याला सहा पाय होते, नव्या प्रतीत आठ. शेरा: "वाढीचे कारण दिलेले नाही." एकतिसाव्या बाबीपाशी मात्र ते ताडकन उठून स्वयंपाकघरात आले.

"हे ऐक. जुन्या पुस्तकात हवेची टाकी चार माणसांना नऊ तास पुरते. स्वच्छ लिहिलंय. आणि या नव्यात काय म्हणतात? 'गोष्टीला पुरेल इतकी हवा'! हे काय माप झालं?"

"तुमच्या गोष्टींना नाही पुरायची," आजी म्हणाल्या. "ताटं कुठे मांडू ते सांगा."

जुन्या पुस्तकात यानाचे आराखडेही होते. आराखडा समोर आला की आजोबांच्या हाती लाल पेन्सिल आपोआप येई. समासात बारीक, ठसठशीत अक्षरांत शेरे उमटू लागले. पेन्सिल पुसता येते, म्हणून ते निर्धास्त होते.

शनिवारी सकाळी एकशे अठरा बाबींचा तक्ता पूर्ण झाला. आजोबांनी खाली रेघ मारली, सही केली, तारीख घातली. आणि इथेच पस्तीस वर्षांच्या सवयीने घात केला. कारखान्यात एक नियम काळ्या दगडावरच्या रेघेसारखा होता: सुधारित आराखडा आला की जुना त्याच दिवशी बाद करायचा. दोन आवृत्त्या एकाच टेबलावर राहिल्या, तर कुणीतरी जुन्यावरून यंत्र बनवतो आणि मग बोटे जातात. आजोबांनी कपाटाचा खण उघडला. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना त्यांचाच शिक्का पितळी मूठ बसवून भेट दिला होता. तो त्यांनी शाईच्या गादीवर दाबला आणि ते कामाला लागले.

ठप्. ठप्. ठप्.

"अहो, काय ठोकताय?"

"काही नाही, आवरतोय!"

दोनशे बारा पाने होती. दुपारी नात परीक्षा देऊन आली, तेव्हा आजोबा समाधानाने हात धूत होते. तिने जुने पुस्तक उघडले. पहिल्या पानावर जांभळ्या शाईत छापले होते: 'रद्द. सुधारित प्रत पाहावी.' तिने पान उलटले. 'रद्द.' आणखी एक उलटले. 'रद्द.' प्राण्याच्या कपाळावरसुद्धा 'रद्द.'

"आजोबा," तिचा आवाज चमत्कारिक झाला, "हे काय केलंत?"

"नियमच आहे, बाळ. सुधारित प्रत आल्यावर..." आजोबांचे वाक्य तिथेच थांबले. समोर कारखाना नव्हता. समोर दंतवैद्याचे, दुसऱ्याच्या मालकीचे, पुन्हा न छापले जाणारे पुस्तक होते.

"मी... मी पुसतो."

"पुसलं जाईल?"

आजोबा खाली बसले. ती शाई त्यांनी स्वतः निवडली होती. पाण्याने, तेलाने किंवा रॉकेलने जी पुसट होईल, ती त्यांनी नापास केली होती. तीन पुरवठादार त्यापायी कायमचे दुखावले होते. तरीही त्यांनी खोडरबर घासून पाहिले. शिक्का राहिला आणि प्राण्याचा एक डोळा गेला. आजींनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दिला. त्याने कप्तानाची टोपी फिकी झाली, 'रद्द' मात्र जास्तच उठून दिसू लागले.

"चांगली शाई निवडलीत हो," आजी म्हणाल्या. नातीला हसू आले आणि त्यासरशी रडूही. ती उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले.

आजोबांनी त्या बंद दाराकडे पाहिले. मग त्यांना आठवले की चुकून बाद झालेल्या आराखड्यासाठीही नियम आहे! नियमावलीत सरळ तरतूद होती: शिक्क्यावर तिरकी रेघ ओढावी, बाजूला 'रद्द केल्याचे रद्द, प्रत ग्राह्य' असे लिहावे आणि अधिकाऱ्याने पूर्ण सही व तारीख घालावी. त्यांच्या जिवात जीव आला. चहाच्या वेळेपर्यंत त्यांनी पानामागून पान मार्गी लावले. या साऱ्या नोंदी अर्थातच पक्क्या शाईत होत्या.

नातीने बाहेर येऊन ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"आता तरी थांबा हो आजोबा! हात जोडते!"

"उद्या मी तुझ्याबरोबर येतो," आजोबा म्हणाले. "चूक माझी आहे. खुलासाही मीच देईन."

रविवारी सकाळी दहा वाजता मंडळी नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या दवाखान्यात जमली. सुट्टीच्या दिवशी खेळ तिथेच चाले. प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या टेबलाभोवती ओढलेल्या होत्या, भिंतीवर किडलेल्या दाढेचे चित्र होते, कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत तीन मासे फिरत होते. आजोबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी तीन प्रतींतला लेखी खुलासा डॉक्टरांच्या हाती दिला, त्यावर पुस्तक ठेवले आणि त्यावर पितळी मुठीचा शिक्का.

"हा जमा करतोय," ते म्हणाले. "मला ठेवायचा अधिकार राहिला नाही. पोरीचा यात काही दोष नाही."

डॉक्टरांनी कव्हर उघडले. दहा-बारा पाने उलटली.

"वीस वर्षांत," डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "मी या पुस्तकाशेजारी चहाचा कपसुद्धा ठेवला नाही."

नात बुटांकडे पाहत उभी होती. आजोबांना वाटले, जमिनीने पोटात घ्यावे.

"अहो डॉक्टर, हे लाल अक्षरांत काय आहे?" लिफ्टवाल्याने मान वाकडी करून विचारले आणि तो वाचू लागला, "'दरवाजा क्रमांक चार फक्त बाहेरून उघडतो. आत अडकलेल्याने काय करावे?'" तो थांबला. "आयला! मी त्या दरवाज्यातून दहा वर्षं जातोय. माझ्या कधी ध्यानात नाही आलं. आणि मी रोज दरवाजेच दुरुस्त करतो!"

"बघू," ग्रंथपालबाई पुढे सरसावल्या. "'झोपायच्या खोल्या पाच. कर्मचारी चार. पाचवी कोणासाठी?'" त्यांनी पदर आवळून घेतला. "अगं बाई. काटा आला अंगावर."

"पाचवी?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुस्तक ओढून घेऊन स्वतः खोल्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

तेवढ्यात नातीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकले. ती सरळ जाऊन सूत्रधाराच्या खुर्चीत बसली आणि आवाज खाली आणून बोलू लागली.

"तुम्ही यानात जागे झाला आहात. चौघांऐवजी तिघेच. तुमच्या हातात यानाची नियमपुस्तिका आहे. प्रत्येक पानावर कुणीतरी 'रद्द' असा शिक्का मारलाय. नंतर कुणीतरी तो खोडून 'ग्राह्य' लिहिलंय. प्रत्येक पानावर. सही एकाच माणसाची आहे आणि तारीख... कालची आहे." ती थांबली. "कर्मचाऱ्यांच्या यादीत या सहीचा माणूस नाही. पण यानात पाचवी खोली आहे."

तिघांच्या माना सावकाश वळल्या. माशांच्या पेटीशेजारी इस्त्रीच्या सदऱ्यात आजोबा ताठ बसले होते.

"बाळ, मी नक्की काय करायचं?" त्यांनी विचारले.

"काही नाही, आजोबा. नेहमीसारखं. नुसतं तपासा."

आजोबा उठले. एवढे त्यांना येत होते. खिशातून लाल पेन्सिल काढून ते संथपणे डॉक्टरांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि अत्यंत विनयाने म्हणाले, "कप्तान, हवेच्या टाकीची शेवटची तपासणी कधी झाली?"

"माहीत नाही!" डॉक्टर किंचाळले. दहा वर्षे इतरांना घाबरवणाऱ्या त्या गृहस्थाच्या हातातले फासे घरंगळत दाढेच्या चित्राखाली गेले.

पुढचे तीन तास दवाखान्यात हलकल्लोळ होता. हवा जुन्या आवृत्तीप्रमाणे मोजली गेली, कारण तिला माप होते. ताण नव्याप्रमाणे वाढवला गेला, कारण तो खरा होता. दर वादाला नात आजोबांचा तक्ता उघडी आणि शेरा वाची. पुढे कुणी ब्र काढत नसे. आठ पायांचा प्राणी दोनदा आला, पण त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. सगळ्यांची नजर लाल पेन्सिलवर होती. लिफ्टवाल्याने चार नंबरचा दरवाजा आतून उघडेल असा करून दाखवला तेव्हा आजोबांनी "पास" म्हटले, आणि तो गडी खरोखर खुर्चीवर चढून नाचला. कंपूच्या इतिहासात प्रथमच सगळे जिवंत घरी पोचले.

निघताना डॉक्टर खुलाशाच्या तिन्ही प्रती परत देत नातीला म्हणाले, "पुढच्या रविवारी खुर्ची तुझीच. आणि यांना घेऊन ये." मग ते पुस्तक चाळत आजोबांपाशी आले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"काका, एक तक्रार आहे."



ते घरी पोचले तेव्हा आजी दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. नात हसू दाबत आत पळाली. आजोबांनी बूट काढून जोडीने भिंतीला लावले.

"अहो, काय म्हणाले डॉक्टर? फार बोलले का?"

"बोलले थोडं. आणि बरोबर बोलले." आजोबांनी खिशातून डॉक्टरांनी परत केलेला पितळी मुठीचा शिक्का काढला, रुमालाने पुसला आणि खणात जागच्या जागी ठेवला. "दोन पानं चिकटली होती. त्र्याहत्तरावं पान राहून गेलं होतं."

"मग?"

"मग काय," आजोबा खालच्या मानेने म्हणाले, "मारून आलो."