पुरातले पाच कागद

बनसोडे सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची पुसायचे. खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढायचा, पाठीवरून एकदाच फिरवायचा, उजेडात धरायचा आणि घरच्यांना निकाल ऐकवायचा. "निम्मी धूळ रस्त्याची हाय. पाव चुलीची. उरलेली तुमच्या आळसाची." मग निवांत बसून चहा मागायचे. माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांचीच खुर्ची पुसून निकाल दिला. सासरे पुढं कितीतरी वर्षं विचारायचे, "जावईबापू, ते रुमालवाले कोण वो?"

ते रुमालवाले मोठे शास्त्रज्ञ होते. हवेतल्या धुळीवरचे त्यांचे निबंध परदेशात छापले जायचे, दिल्लीच्या समित्या त्यांना बोलवायच्या. विद्यापीठातल्या आमच्या विभागात मात्र त्यांचं नाव धुरळासर. हे नाव मी ठेवलं होतं. सांगायलाच बसलोय तर तेही सांगून टाकतो.

एकदा जर्मनीचे एक प्राध्यापक त्यांचं काम बघायला आले. सरांनी त्यांना लुनावर मागं बसवलं आणि भर उन्हात शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्र्या दाखवून आणलं. पाहुणा परतला तो काळाठिक्कर. तोंड धुवायला नळाकडं निघाला तर सर आडवे. "थांबा, थांबा! नमुना झकास आलाय, धुवू नका." आणि खरोखरच त्याच्या गालावरून रुमाल फिरवला.

गावभर ते व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या टांगत फिरायचे. धूळ चिकटली की काढून न्यायच्या. दूधकट्ट्यावर एकजण ओरडला, "सर, म्हशी बुजत्यात की!" सर म्हणाले, "त्यास्नी तरी कळतंय." एका फौंड्रीमालकाला ही करणी वाटली. त्यानं पट्टीखाली लिंबू-मिरच्या बांधल्या. सरांनी पट्टी नेली, लिंबूही नेलं आणि सरबत करून आम्हाला पाजलं.

कशावरही त्यांचं एकच बोलणं. विद्यार्थ्यानं उशिराचं कारण सांगितलं की सर म्हणायचे, "हवा खोटं बोलत न्हाय की." कुलगुरूसाहेबांनी भाषणात विभागाची स्तुती केली, तरी "हवा खोटं बोलत न्हाय की." आम्ही पाठीमागं त्यांची नक्कल करायचो. माझी नक्कल सगळ्यात हुबेहूब होती.

मी त्यांचा सहायक. हंगामी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गच्चीवर आमचं हवा ओढणारं यंत्र होतं. त्यात पांढरा फिल्टर पेपर घालायचा आणि चोवीस तासांनी काढायचा. तोवर तो पांढरा राहत नसे. रोज सकाळी आठला कागद बदलणं हे माझं काम.

त्या वर्षी पंचगंगा फुगायला लागली तेव्हा सर हरखून गेले. गाव काळजीत, आणि हा माणूस खूष! दिल्लीला बैठकीला निघता निघता मला म्हणाले, "सुतार, पाणी रस्त्यावर यायच्या आत तिकडं जाऊन ऱ्हा. वॉचमनला सांगितलंय, खोली देतोय. भट्ट्या बंद, हायवे बंद. अशी स्वच्छ हवा जन्मात मोजाय मिळायची न्हाय. ही मोजली की बाकीच्या दिवसांची घाण कुणाची, ते सिद्ध झालं बघ." पुढच्या महिन्यात ते जर्मनीला निबंध वाचणार होते. त्यात फक्त पुराच्या पाच दिवसांचे पाच आकडे भरायचे राहिले होते.

मी गेलो नाही. घरी कुणी आजारी नव्हतं, कसली अडचण नव्हती. पाऊस होता, भजी होती, पत्त्यांचा डाव रंगला होता. उद्या जाऊ म्हणेस्तोवर रस्ता पाण्याखाली गेला. मग पाच कागद घेतले, रोज एक घराच्या खिडकीत लावला, आणि नोंदवहीत वळणदार अक्षरात तारखा घातल्या. आमच्या खिडकीखाली पिठाची गिरणी होती. तिचा मला विसर पडला, कारण ती रोजच चालायची.

सर आले. एकेक कागदाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी शेजारी उभा.

"वेळेत पोचलतास न्हवं?"

"व्हय सर."

"कागद तूच बदललास?"

"व्हय की."

त्यांनी रुमाल काढून भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "बरं. जा घरी."

दुसऱ्या दिवशी विभागाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की साफ करायला बंद केलेलं यंत्र पुन्हा चालू करायचं आपणच विसरून दिल्लीला गेलो. निबंध मागं घेतला, जर्मनी रद्द. आख्खी खोली हसली. "धुरळासर, यंत्रात रुमाल अडकला असंल!" हा विनोद माझा. त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर पडून असलेल्या माझ्या कायमच्या ऑर्डरवर त्यांनी सही केली. मी मनाची समजूत घातली, म्हाताऱ्याला काही कळलं नाही.

त्यानंतर ते पुन्हा परदेशी गेले नाहीत. कुणी बोलवलं की म्हणायचे, आता नवीन लोकांना बोलवा.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी राजारामपुरीत त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको वारल्यापासून एकटेच होते. उभ्याउभ्याच मी सगळं सांगून टाकलं. भजी, पत्ते, खिडकी, सगळं.

त्यांनी कपाटातून एक डबा काढला. आत माझे पाचही कागद. वर पेन्सिलीनं लिहिलेलं : "पूर. जोंधळ्याचं पीठ, बहुधा शाळू. चौथ्यात थोडी नाचणी."

"सर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"शिरोलीच्या भट्टीत शाळू कवापासनं दळाय लागलेत?"

"मग बोलला का नाहीत?"

ते डब्याचं झाकण लावत राहिले. "माझा बाप भट्टीवर साचे भरायचा. एक दिवस खाडा झाला, मुकादमानं घरी बसवला. त्या वर्षी माझी शाळा सुटली. तुझी पोरगी तवा पहिलीत होती न्हवं?" डबा कपाटात ठेवून म्हणाले, "हवा खोटं बोलत न्हाय, सुतार. मी बोललो. एकदाच."

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक त्यांची, लख्ख. दुसरीवर बोटभर धूळ. अख्ख्या गावाच्या खुर्च्या पुसलेल्या माणसाच्या घरात.

"हुबा का? बस की," ते म्हणाले. आणि रुमाल काढून ती खुर्ची पुसली. पाठ, हात, बैठक, सगळी. रुमाल काळा झाला.

तो त्यांनी उजेडात धरला नाही. तसाच घडी करून खिशात टाकला आणि चहा ठेवायला आत गेले.