रिव्हर्स सोडून सगळं

टेम्पोवाल्यानं भाडं वाढवल्याचं बायकोनं सांगितलं, तेव्हा अंदाजेसाहेबांनी नुसतं "हं" म्हणून चहाचा कप तोंडाला लावला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. "हं" हे त्यांचं घरातलं नेहमीचं उत्तर होतं आणि त्यावर संसार बरा चालला होता. पण त्या सकाळी त्यांनी कप खाली ठेवला. (कप खाली ठेवून बोलायला लागलेला नवरा घराला धोकादायकच.)

"आपण भाडं भरायचंच कशाला? आपलीच गाडी घेऊ!"

अंदाजेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बांधकाम खात्यात बसून सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं करत आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर "अंदाजे" या शब्दानं सुरू करत. त्यांनी "अंदाजे आठ दिवस" म्हटलेला एक जिना तीन वर्षं हवेत लोंबकळत होता. तरीही खात्यात त्यांना मान होता, कारण अंदाज कितीही चुकला तरी त्यांचा आत्मविश्वास कधी चुकत नसे.

बायको पडदे शिवायची. पुढच्या खोलीत दोन मशीनं, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि जमिनीवर सतत पायात येणारे दोरे. धंदा तिचा, कष्ट तिचे आणि टेम्पोचं भाडंही तिचंच. ती म्हणाली, "देऊन टाकू हो जास्तीचे. महिन्यातून चार तर फेऱ्या."

पण साहेबांच्या डोक्यात गाडी सुरू झाली होती. (पुढे पुष्कळ दिवस ती फक्त तिथेच सुरू होती.)

चौथ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून फोन केला. "ऐक, पिकअप फायनल केला. संध्याकाळी येतोय."

"कोणाला पिकअप करायचंय?"

"कोणाला नाही गं. पिकअप!"

"अहो, तेच विचारतेय, कोण येतंय? पाहुणे येणार असतील तर आधी सांगायचं ना. घरभर कापड पसरलंय."

"पाहुणे नाहीत, गाडी येतेय! पिकअप गाडी!"

"गाडीनं येताहेत म्हणजे जेवायला थांबणार?"

संध्याकाळी पाहुणा आला तो पुढचे पाय वर करून, क्रेनला लटकून. रंग कोणता ते सांगता येत नव्हतं, कारण गंजाखाली रंग उरला नव्हता. एका दाराला कडी म्हणून सुतळी होती. साहेबांनी रुबाबात बोनेट उघडलं, तर आत एक मांजर तीन पिल्लं घेऊन झोपलेलं. त्यानं साहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं, की साहेब नकळत "सॉरी" म्हणाले.

"यात इंजिन आहे का?" बायकोनं विचारलं.

"आहे की. मांजराच्या खाली."

तिनं वाद घातला नाही. आत गेली, एक पाकीट आणून त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "गाडी उभी करायची ती एवढ्यात. हे संपलं की गाडीचा विषय संपला."

"अंदाजे निम्मे परत करीन," साहेब म्हणाले. तिनं पाकिटाकडे पाहिलं. पडद्याचं कापड आखूड पडणार हे कापायच्या आधीच कळलेल्या बाईचा चेहरा होता तो.

मग दर रविवारी साहेब गाडीखाली. फोनवर व्हिडिओ लावायचा, तो थांबवायचा, एक नट काढायचा, पुन्हा व्हिडिओ. व्हिडिओतली गाडी वेगळ्या कंपनीची आहे, हे तिसऱ्या रविवारी लक्षात आलं. एकदा कार्बोरेटरचं ग्रीस निघेना म्हणून त्यांनी तो कुकरमध्ये घातला आणि तीन शिट्ट्या काढल्या. ग्रीस निघालं, पण ते कुकरला लागलं. त्यानंतर आठवडाभर भाताला पेट्रोलचा वास येत होता आणि स्वयंपाकघरात काडी ओढायला कुणी धजत नव्हतं.

सगळी गाडी पुन्हा जोडून झाली तेव्हा बादलीभर नट-बोल्ट उरले. साहेबांना आश्चर्य वाटलं नाही. गाडी बनवणाऱ्यांनी ते उगाच घातले असणार, असं त्यांचं मत पडलं. अंदाजपत्रक फुगवण्याच्या सवयीशी त्यांचा जुना परिचय होता.

गाडी अर्थातच सुरू झाली नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं. तो फार कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बादलीत डोकावून पाहिलं आणि "अरेरे" म्हणाला. पुढचे दहा दिवस तो एकेक बोल्ट बादलीतून गाडीत नेत होता. इंजिन धडधडायला लागलं. पण गिअरबॉक्स पार गेला होता, आणि पाकीटही आता पापडाइतकं झालं होतं.

"भंगारात एक गिअरबॉक्स आहे," गॅरेजवाला म्हणाला. "रिव्हर्स सोडून सगळं आहे."

"आणि रिव्हर्ससकट?"

"दुप्पट."

साहेबांनी डोळे मिटले. माणूस गाडी चालवतो त्यातला अंदाजे किती वेळ मागे जातो? शंभरात दोन मिनिटं. दोन मिनिटांसाठी दुप्पट पैसे! असली उधळपट्टी त्यांनी सरकारच्या पैशानंही केली नव्हती. (केली होती.)

"बसवा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "फक्त हे आमच्या घरी बोलू नका."

गॅरेजवाल्यानं मान हलवली. ती होकाराची होती की कीव करण्याची, हे साहेबांनी तपासलं नाही.

रंग फुकट मिळाला. ऑफिसच्या गोदामात उरलेले डबे होते ते परवानगीनं आणले. (परवानगी देणारे साहेबच होते.) पुढचा अर्धा भाग विश्रामगृहाच्या पिवळ्यात झाला आणि डबा संपल्यावर मागचा बालवाडीच्या गुलाबीत. सीटची कव्हरं बायकोनं जाड पडद्याच्या कापडाची शिवली आणि स्वतः गॅरेजात जाऊन बसवली. अख्ख्या गाडीत तेवढं एकच काम नीट झालं होतं.

गाडी रस्त्यावर आली आणि साहेबांचं नवं आयुष्य सुरू झालं. गाडी उभी करायची ती उतारावर, तोंड चढाकडे करून, म्हणजे न्यूट्रल केलं की आपोआप मागे येते. सपाट जागा दिसली की घाम फुटायचा. एकदा कापडाचं दुकान चार पावलं मागे राहिलं.

"अहो, दुकान गेलं."

"जाऊ दे. जरा फिरून येऊ. हवा छान आहे."

हवा छान होती म्हणून दोघं तलावाला वळसा घालून, बाजारातून, सिग्नलवरून वीस मिनिटांनी त्याच दुकानासमोर आली. या वेळी ते दोन पावलं मागे राहिलं.

"हवा अजून छान आहे का?" बायकोनं विचारलं.

असे दोन महिने गेले. मग बायकोला तिच्या धंद्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली. मुलींचं नवं वसतिगृह, साठ खिडक्या. दुपारी बाराला उद्घाटन होतं आणि अकराच्या आत पडदे पोचले नाहीत तर माल परत, असं तिथल्या रेक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. बायकोनं महिनाभर पाठ मोडून शिवलं. साहेबांनीही आपल्या परीनं तयारी केली. त्यांनी रेक्टरबाईंना फोन लावला.

"बाई, तुमची गल्ली सरळ आहे ना?"

"अगदी सरळ. थेट आमच्या दाराशी येते."

"मध्ये कुठे वळावं वगैरे लागत नाही ना?"

"एकही वळण नाही."

साहेब खूश झाले. दाराच्या पुढे गल्ली कुठे जाते, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

सव्वादहाला पिवळी-गुलाबी गाडी गल्लीत शिरली. मागे साठ खिडक्यांचे पडदे, शेजारी बायको. दोन्ही बाजूंना घरं, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. गल्ली अर्धी संपली आणि समोरून एक डंपर आला. वसतिगृहाच्या अलीकडेच एक बांधकाम चाललं होतं, तिथला राडारोडा भरून तो निघाला होता. दोघं नाकाला नाक लावून उभे राहिले.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ओ काका, मागे घ्या!"

"तुम्ही घ्या," साहेब म्हणाले.

"माझा डंपर भरलाय. तुमचं डबडं घ्या की मागे!"

"नाही घेणार."

"का नाही?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. पण शेजारी बायको बसली होती. साहेबांनी घसा खाकरला. "तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"शाब्बास!" वरून आवाज आला. एका बाल्कनीत एक निवृत्त मास्तर पेपर वाचत बसले होते. ते उठून उभे राहिले. "तीन महिने या डंपरनं आमची गटारांची झाकणं फोडलीत, भिंती खरवडल्यात. कुणीतरी ठाम उभं राहायलाच हवं होतं!"

बघता बघता दारं उघडली. कुणी पोळपाटावरून उठून आलं, कुणी अर्धी दाढी करून. "माघार घेऊ नका साहेब!" "आम्ही आहोत तुमच्या मागे!" लोक खरोखरच गाडीच्या मागे येऊन उभे राहिले. मागे जायचा उरलासुरला रस्ताही बंद झाला. एक मुलगी फोनवर शूटिंग करू लागली.

बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. "अहो, साडेदहा वाजले. मिटवून टाका ना आता."

"आज नाही," साहेब म्हणाले. तिनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. ती नजर कौतुकाची आहे असा साहेबांनी अंदाज केला.

बांधकामाचा कंत्राटदार मोटरसायकलवरून घाईघाईनं आला. आल्याआल्याच त्यानं हात जोडले. "साहेब, फक्त शंभर फूट मागे या हो."

"एक इंचही येणार नाही." (इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी केलेलं हे एकमेव अचूक विधान.)

"बरं, तुम्ही नुसते बसून राहा. माझी माणसं ढकलतील गाडी."

साहेबांच्या जिवात जीव आला. ते "चालेल" म्हणायला तोंड उघडणार, तोच मास्तर वरून गरजले, "साहेबांच्या गाडीला हात लावून तर बघा!" खालचे लोक "हो हो" करत पुढे सरसावले. साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

शेवटी पावणेअकराला डंपर हरला. भोंगा वाजवत, एक आरसा घराच्या भिंतीवर घासून मोडून घेत तो मागे मागे जात बांधकामाच्या फाटकात शिरला. टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. साहेब एक हात खिडकीबाहेर काढून हलवत, ताठ मानेनं वसतिगृहाच्या दाराशी पोचले. अकराला चार मिनिटं कमी होती. पडदे लागले, उद्घाटन झालं, रेक्टरबाईंनी पडद्यांवरून हात फिरवून दुसऱ्या इमारतीचंही काम तिथेच देऊन टाकलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एकूण दिवस सोन्याचा होता, आणि तिथेच रात्र झाली असती तर बरं झालं असतं.

पण दुपारचा एकच वाजला होता. गाडीत बसून साहेबांनी रेक्टरबाईंना विचारलं, "गल्ली पुढे कुठे निघते?"

"पुढे? पुढे भिंत आहे."

साहेबांनी पाहिलं. पुढे भिंत होती. डावीकडे पाहुण्यांच्या गाड्या होत्या, उजवीकडे मांडव. आणि मागे सगळी गल्ली त्यांना निरोप द्यायला बाल्कन्यांत उभी होती. "या साहेब, रस्ता मोकळा ठेवलाय तुमच्यासाठी!"

साहेबांनी रुमाल काढला, टायरला लाथ मारून पाहिली, बोनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाऊण तास गेला. तेवढ्यात डंपर माल टाकून परत आला आणि फाटकात उलटं शिरायला लागणारी पुढची जागा अडलेली बघून मागे थांबला.

"काका, आता तरी मागे घ्या," ड्रायव्हर थकलेल्या आवाजात म्हणाला.

"नाही येत."

"पुन्हा तत्त्व?"

"नाही. रिव्हर्सच नाही."

ड्रायव्हर हसायला लागला, आणि इतका हसला की त्याला डंपरच्या पायरीवर बसावं लागलं. हसण्याचं कारण बाल्कनीतून बाल्कनीत जात मास्तरांपर्यंत पोचलं. ते खाली उतरून आले.

"म्हणजे साहेब, सकाळचं ते तत्त्व...?"

"तत्त्व आहेच हो," साहेब कसंबसं म्हणाले. "फक्त गिअर नाही."

मास्तर वळले आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

ड्रायव्हर मात्र दिलदार निघाला. त्यानं गाडीच्या मागच्या बाजूला साखळी बांधली आणि डंपर मागे घेत गाडी उलटी ओढायला सुरुवात केली. भिंतीकडे तोंड करून अंदाजेसाहेबांची मिरवणूक निघाली. सकाळी टाळ्या वाजवणाऱ्या खिडक्या एकेक करून बंद होत होत्या. समोर वसतिगृहाच्या खिडक्यांत नवे पडदे हलत होते आणि त्यांच्या आड मुली खिदळत होत्या. ज्या मुलीनं सकाळी शूटिंग केलं होतं, ती आता दुसरा भाग करत होती.

बायको सीटवर बसून समोरचे आपले पडदे बघत होती. साहेबांनी आपल्या बाजूची काच वर केली.

"तुला सांगणार होतो मी."

"मला माहीत होतं. सीटची कव्हरं बसवायला गेले ना, तेव्हाच सांगितलं गॅरेजवाल्यानं."

"काय?" साहेब ओरडले. "मग दोन महिने एका शब्दानं बोलली का नाहीस?"

तिनं सीटच्या कव्हरवरची एक सुरकुती सारखी केली.

"बावीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही कुठेतरी पुढे जाताना दिसलात हो. म्हटलं, आपण कशाला आडवं यावं?"